चोराने नेलेली ठेव : लॅपटॉपच्या राखणीचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मला आधी वाटलं, यांचा काहीतरी घोळ झाला असावा. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. लॅपटॉपच्या सुरक्षिततेवर बोलायला एखादा संगणकातला तरुण अभियंता बोलवावा हे बरं. पण मग मीच म्हटलं, बोलतो. मात्र कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं हे मी सांगणार नाही. मी इतिहास सांगेन. आज आपण या यंत्राला जी कुलपं लावतो, त्यातलं जवळजवळ प्रत्येक कुलूप कुणाच्या तरी फजितीनंतर आलेलं आहे. ती फजिती कळली की कुलूप कशासाठी आहे ते कळतं, आणि मग ते लावायचा कंटाळा येत नाही.

दुसरं कारण खाजगी आहे. तिथूनच सुरुवात करतो.

२००८ साली मी मुंबईहून पुण्याला येत होतो. कर्जतला गाडी थांबली. घाट चढायला मागे इंजिनं जोडतात, तेवढा वेळ मिळतो. मी बटाटेवडा घ्यायला खाली उतरलो. परत आलो तर वरच्या रॅकवरची बॅग नव्हती. बॅगेत लॅपटॉप होता. माझी दहा-बारा वर्षांची टिपणं त्यात होती, त्याचं वाईट वाटलं. पण ते माझं होतं, गेलं. खरी अडचण वेगळी होती. माझी एक विद्यार्थिनी 'क्षमा' या संकल्पनेवर पीएच.डी. करत होती. नुसतं ग्रंथांवरून लिहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या तेवीस बायकांशी ती तासन्‌तास बोलली होती. 'तुमचं नाव कुणाला कळणार नाही' असा शब्द तिनं प्रत्येकीला दिला होता. त्या मुलाखतींची खऱ्या नावागावांसकट एक प्रत मार्गदर्शक म्हणून माझ्याकडे होती. त्या लॅपटॉपमध्ये.

मी तिला फोन केला आणि वर म्हणालो, "घाबरू नकोस, पासवर्ड आहे." दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या संगणक विभागाच्या मुलाला विचारलं. तो जरा अवघडला. म्हणाला, "सर, तो पासवर्ड विंडोजचा. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं दिसतं. पाच मिनिटांचं काम."

म्हणजे मी दाराला कुलूप लावलं होतं आणि भिंत उचलून बाजूला ठेवता येत होती.

ठेव म्हणजे काय

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो. चूक माझी होती का? मी चोरी केली नव्हती. चोरी चोरानं केली.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. धर्मशास्त्रात व्यवहाराची, म्हणजे दाव्यांची, अठरा पदं सांगितली आहेत. मनुस्मृतीच्या यादीत पहिलं पद कर्जाचं आणि दुसरं निक्षेपाचं, म्हणजे ठेवीचं. मनुस्मृतीचं नाव घेतलं की महाराष्ट्रात कान टवकारतात, आणि टवकारावेतच. १९२७ साली महाडला ती जाळली गेली त्यामागची कारणं खरी होती. मी इथे फक्त ठेवीच्या कायद्यापुरतं बोलतोय. बँका नव्हत्या, लोक लांबच्या प्रवासाला जात, तेव्हा दागदागिने ओळखीच्या माणसाकडे ठेवून जात. तो ते कसं सांभाळतो यावर समाजाचा विश्वास उभा होता. म्हणून हे पद इतक्या वरच्या क्रमांकावर आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवीचा एक खास प्रकार आहे : उपनिधी. वस्तू पेटीत घालून, आत काय आहे हे न सांगता, दुसऱ्याच्या हवाली करायची. घेणाऱ्यानं पेटी उघडायची नाही, जशीच्या तशी परत द्यायची. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता गंमत अशी, की ठेव सांभाळणाऱ्याला इथे सूट दिलेली आहे. ठेव चोरांनी नेली, पाण्यानं वाहून गेली किंवा आगीत जळली, तर ती भरून द्यायची जबाबदारी त्याच्यावर नाही. त्यानं स्वतः त्यातलं काही काढून घेतलेलं नसलं म्हणजे झालं, असं मनू म्हणतो. याज्ञवल्क्य तीन कारणं देतो : राजा, दैव आणि चोर. यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

मग मी सुटलो की! चोरांनीच नेली.

पण मन मानेना. ते का मानेना, हे शोधता शोधता मी या इतिहासात शिरलो.

पासवर्डचा जन्म आणि पहिली चोरी

१९६१ साली अमेरिकेत, एमआयटीत, फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्यवस्था दाखवली. एकच मोठा संगणक, आणि त्यावर अनेक जण एकाच वेळी काम करताहेत. संगणक खोलीएवढा, तो कोण उचलून नेणार? तेव्हा यंत्राची चोरी हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता, की एकाच यंत्रात अनेकांच्या फायली आहेत, तर एकाची दुसऱ्यापासून वेगळी कशी ठेवायची? उत्तर सोपं होतं : प्रत्येकाला एक परवलीचा शब्द. वाड्यात बिऱ्हाडं अनेक, प्रत्येक खोलीला आपापलं कुलूप, तसं.

हे कुलूप टिकलं किती? वर्षभर. ॲलन शेर नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला संगणकाचे जेवढे तास मिळत तेवढ्यात त्याचं काम होईना. कुठलीही फाईल छापून हवी असेल तर पंचकार्डावर तिचं नाव लिहून द्यायचं, अशी तिथे सोय होती. १९६२ साली या पठ्ठ्यानं पासवर्डांच्या फाईलचंच नाव लिहून दिलं, आणि सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. ही गोष्ट त्यानं स्वतःच अनेक वर्षांनी कबूल केली.

पुढे १९६६ साली त्याहून मजेशीर प्रकार झाला. व्यवस्था पाहणारे दोघं जण एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत होते. एक रोजच्या सूचनेची, दुसरी पासवर्डांची. आतल्या एका चुकीमुळे दोन्हींची अदलाबदल झाली. रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड, आणि जो कुणी लॉगिन करेल त्याच्या समोर यादी हजर. (हशा)

यातून धडा काय निघाला? कुलपं भक्कम करण्याआधी, सगळ्या किल्ल्या एका खुंटीला टांगून ठेवू नका. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी एक निबंध लिहिला. युनिक्स प्रणालीत पासवर्ड आहे तसा ठेवतच नाहीत, हे त्यांनी त्यात समजावून सांगितलं. त्याचं असं काही चूर्ण करून ठेवायचं, की चूर्णावरून मूळ शब्द परत बनवता येऊ नये. धान्याचं पीठ होतं, पिठाचं धान्य होत नाही. तुम्ही पासवर्ड टाकलात की यंत्र तो पुन्हा दळून बघतं. पीठ जुळलं, तर तुम्ही तेच. शिवाय प्रत्येकाच्या पिठात चिमूटभर वेगळं मीठ, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ सारखं दिसू नये. ही पद्धत, अर्थात पुष्कळ सुधारून, आजही चालू आहे.

पण त्याच निबंधात दुसरी गोष्ट आहे. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, अगदी छोटे तरी होते किंवा शब्दकोशातले तरी. काहींचा पासवर्ड तर एकच अक्षर! गिरणी कितीही चांगली असली, तरी दळायला दिलेलं धान्यच शेजाऱ्याच्या ओळखीचं असेल तर काय उपयोग? माझा स्वतःचा तेव्हाचा पासवर्ड म्हणजे पत्नीचं नाव आणि तिचं जन्मसाल. तेव्हा मी हसत नाही.

यंत्र चालू लागलं

१९८१ साली ऑसबोर्न-१ नावाचा संगणक बाजारात आला. उचलून नेता येईल असा, बाजारात चाललेला पहिला संगणक. वजन सुमारे अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर. शिलाईयंत्राच्या पेटीसारखा दिसायचा. तो काढणारा ॲडम ऑसबोर्न लहानपणी तमिळनाडूत वाढला. त्याचे वडील आर्थर ऑसबोर्न रमण महर्षींचे अनुयायी. त्यांनी महर्षींवर ग्रंथ लिहिले. 'मी कोण' हा प्रश्न विचारणाऱ्या ऋषींच्या सावलीत जो मुलगा वाढला, त्यानं जगाला असं यंत्र दिलं, की आज तेच आपल्याला रोज विचारतं : तू कोण, सिद्ध कर. पुढे ॲडम परत आला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला.

१९८२ मध्ये ग्रिड कंपास आला. डब्यासारखं झाकण मिटणारा, आजच्या लॅपटॉपचा खरा पूर्वज. तो अंतराळयानातूनही गेला. आणि इथे सुरक्षिततेचा सगळा पाया बदलला. वाडा आता काखोटीला मारून नेता येऊ लागला. खोल्यांना कुलपं आहेत, पण चोर अख्खा वाडाच नेतो.

याला पहिलं उत्तर लोखंडी होतं. १९९२ पासून केन्सिंग्टन कंपनीच्या तारेच्या कुलपांची चाल पडली. लॅपटॉपच्या कडेला एक लहानशी चपटी खाच असते, बऱ्याच जणांना ती कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. ती त्या कुलपासाठी. तार टेबलाच्या पायाला गुंडाळायची. गोठ्यात दावं बांधतो तसं. हे कुलूप कसलेल्या चोराला अडवत नाही. पण 'सहज दिसलं, उचललं' या जातीच्या चोराला अडवतं, आणि बहुतेक चोऱ्या याच जातीच्या असतात. कर्जतच्या माझ्या चोराकडे तार कापायची पक्कड होती असं मला वाटत नाही.

फ्लॉपीतून आलेला पाहुणा

त्याच दशकात दुसरं संकट आलं. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. पीसीवरचा, जगभर पसरलेला तो पहिला. फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात तो बसायचा आणि फ्लॉपीबरोबर गावोगाव हिंडायचा. त्यात त्या भावांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घालून ठेवला होता! इतकी सरळ माणसं या धंद्यात पुन्हा झाली नाहीत.

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये एक 'वर्म' इंटरनेटवर सुटला आणि हजारो यंत्रं गुदमरली. शिरण्याच्या त्याच्या युक्त्यांपैकी एक होती सोपे पासवर्ड ओळखणं. तो लिहिणारा विद्यार्थी कोण? रॉबर्ट टॅपन मॉरिस. दुबळ्या पासवर्डांबद्दल ज्यांनी १९७९ साली सावध केलं, त्या मॉरिस यांचाच मुलगा. बापानं दाखवलेल्या भगदाडातून नऊ वर्षांनी मुलगा आत गेला. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा पोरं हसायची. मी म्हणायचो, हसू नका. नऊ वर्षांत भगदाड बुजवलं नव्हतं, हे त्यातलं खरं वाक्य आहे.

१९८९ साली वीसेक हजार फ्लॉप्या टपालानं वाटल्या गेल्या. वर लिहिलेलं, एड्सविषयी माहिती. आत असं काही, की काही दिवसांनी फायलींची नावं बिघडायची आणि पडद्यावर मजकूर यायचा : पनामातल्या पत्त्यावर १८९ डॉलर पाठवा. खंडणीचा हा पहिला प्रयोग. करणारा एक जीवशास्त्रज्ञ होता.

२ कोटी ६५ लाख माणसं आणि एक घरफोडी

आता २००६. माझ्या दृष्टीनं या इतिहासातलं मधलं पान हेच.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या कल्याणाचं एक सरकारी खातं आहे. त्याचा एक विश्लेषक कामाची माहिती घरी न्यायचा. कामसू माणूस; ऑफिसचं काम घरी बसून पुरं करणारा. ३ मे २००६ रोजी मेरीलँडमधल्या त्याच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप गेला आणि एक बाहेरची हार्डडिस्कही गेली. तिच्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक होते. माहिती उघडीच, कसलीही सांकेतिक लिपी नाही. लोकांना ही बातमी सांगितली गेली ती २२ मे रोजी. मधले जवळजवळ तीन आठवडे कोट्यवधी माणसांना पत्ताच नव्हता, की आपली ओळख कुणाच्या तरी पोत्यात पडली आहे.

जूनच्या अखेरीला यंत्र सापडलं. तपास यंत्रणेनं सांगितलं, की माहिती कुणी उघडलेली दिसत नाही. चोरानं बहुधा नुसतं यंत्र पाहिलं होतं. पण दाव्यांची तडजोड होऊन २००९ मध्ये दोन कोटी डॉलर द्यायचं ठरलं. आणि चोरीनंतर दोन महिन्यांच्या आत सरकारी लॅपटॉपवरची संवेदनशील माहिती सांकेतिक करावी, असा तिथे आदेश निघाला.

हे मी वाचलं ते माझी बॅग गेल्यानंतर. वाचताना घाम फुटला. त्या विश्लेषकाच्या २ कोटी ६५ लाखांऐवजी माझ्याकडे तेवीस होत्या, एवढाच फरक.

कुलूप पेटीला नव्हे, आतल्या वस्तूला

उपाय काय होता? तो १८८३ पासून माहीत होता. ऑग्युस्त केरखॉफ्स नावाचा भाषांचा एक प्राध्यापक होता, डच वंशाचा, फ्रान्समध्ये शिकवणारा. लष्करी गुप्तलेखनावर त्यानं फ्रेंचमध्ये निबंध लिहिला. त्यातलं एक तत्त्व असं : तुमची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, अशी ती असावी, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. चोर यंत्र नेणारच, असं गृहीत धरून बांधणी करा.

हे तत्त्व सामान्य माणसाच्या लॅपटॉपपर्यंत पोचायला एकशे वीस वर्षं लागली. ॲपलच्या यंत्रांत २००३ साली फाइलव्हॉल्ट आलं, विंडोजच्या काही आवृत्त्यांत २००७ साली बिटलॉकर. लिनक्समध्येही त्याच सुमाराला सोय झाली. डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवायची. किल्ली नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावा, नाहीतर वरवंट्याखाली घाला, दिसेल तो केवळ कचरा.

माझी बॅग २००८ ला गेली. म्हणजे सोय तेव्हा होती. मला ठाऊक नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं.

कांट म्हणतो, कर्तव्य तिथेच असतं जिथे ते करणं शक्य असतं. याची दुसरी बाजू आपण विसरतो : शक्यता वाढली की कर्तव्यही वाढतं. स्मृतिकारांनी चोराच्या बाबतीत सूट दिली, कारण पेटी गेली की आतला दागिना गेलाच. त्यांच्या काळात पेटी जाऊनही दागिना सुरक्षित राहणं अशक्य होतं. आज ते शक्य आहे. मग 'चोरांनी नेली' हे उत्तर यंत्रापुरतं खरं आहे. आतल्या माहितीपुरतं ते खरं राहिलेलं नाही.

या कुलपाच्याही मर्यादा

आता कुणी म्हणेल, झालं, प्रश्न सुटला. नाही सुटला. २००८ सालीच प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की यंत्र चालू असताना किल्ली आतल्या मेमरीत असते, आणि वीज बंद झाल्याबरोबर मेमरी पुसली जात नाही. काही सेकंद ती रेंगाळते. साफसफाईच्या हवेचा डबा उलटा धरून चिपवर फवारा मारला, तर चिप इतकी गार होते की काही मिनिटं आठवण टिकते. तेवढ्यात किल्ली वाचता येते. माणसाच्या स्मृतीचं नेमकं उलट. आपल्याला थंडीत काही आठवत नाही.

आता हा उद्योग तुमच्या-आमच्यासाठी कोणी करणार नाही. पण त्यातून एक साधी सवय निघते. नुसतं झाकण मिटलं की बहुतेक यंत्रं झोपतात, बंद होत नाहीत. किल्ली आत जागी असते. प्रवासाला निघताना लॅपटॉप पूर्ण बंद करा. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

२००९ मध्ये पोलंडच्या योआन्ना रुटकोव्स्का यांनी दुसरी वाट दाखवली. लॅपटॉप हॉटेलच्या खोलीत ठेवून तुम्ही जेवायला गेलात. तेवढ्यात कुणीतरी सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी पेरलं. तुम्ही परत येऊन पासवर्ड टाकलात की तो टिपला गेला. या हल्ल्याला 'दुष्ट मोलकरीण' असं नाव पडलं. मला ते नाव आवडत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांवर आधीच पुष्कळ आळ येतात. पण मुद्दा खरा आहे : जे यंत्र परक्याच्या हाती एकटं राहिलं, ते तुमचंच आहे असं समजू नका.

आणि २०१३. रॉस उलब्रिक्ट हा सिल्क रोड नावाचा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार चालवत होता. त्याचा लॅपटॉप सांकेतिक, हे पोलिसांना ठाऊक होतं. १ ऑक्टोबरला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करत बसला होता. मागे एका जोडप्याचं कडाक्याचं भांडण सुरू झालं. यानं मान वळवली. तेवढ्यात समोरून उघडा लॅपटॉप उचलला गेला. भांडणारं जोडपं पोलिसांचंच होतं. इथे कायदा पोलिसांच्या बाजूला होता, पण धडा सगळ्यांसाठी आहे. जगातलं उत्तम कुलूप उघडं असताना कुलूप नसतं. चहा आणायला उठलात तर स्क्रीन लॉक करून उठा.

पाणी आणि आग

स्मृतिकारांनी चोराबरोबर पाणी आणि आगही सांगितली होती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते सापडले. ब्रिटनच्या दवाखान्यांतली कामं अडली. जूनमध्ये नॉटपेट्या आला, तो उलट युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. तेव्हा अपडेट ही लस आहे, अमृत नव्हे. तरीही लस घ्यायचीच.

नॉटपेट्याची झळ आपल्या न्हावाशेवापर्यंत पोचली. तिथलं एक टर्मिनल ठप्प झालं, कारण ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाचं होतं. मर्स्कला ४५ हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्या यंत्रांत होता ती जगभरातली यंत्रं एकदम गेली, कारण प्रत्येक प्रत दुसऱ्या प्रतीला जोडलेली. एक तेवढं वाचलं, घानामधलं. का? तर तिथे तेव्हा वीज गेली होती! (हशा) लोडशेडिंगचा असा उपयोग आपल्या महावितरणलाही सुचला नसेल.

पण अर्थ लक्षात घ्या. जी प्रत कायम जोडलेली असते, ती आगीत बरोबरच जळते. बॅकअपची हार्डडिस्क महिन्यातून दोनदा जोडा, प्रत घ्या, आणि काढून दुसऱ्या खोलीत, जमलं तर दुसऱ्या घरी ठेवा. तीही सांकेतिक करून. २००६ ची ती हार्डडिस्क आठवा.

एक किल्लेदार पुरत नाही

पासवर्डाचं शेवटचं सांगतो. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेनं नियम घातले : चिन्हं घाला, आकडे घाला, ठरावीक दिवसांनी बदला. लोकांनी काय केलं? शेवटचा १ काढून २ केला. ते नियम लिहिणारे बिल बर पुढे २०१७ साली म्हणाले, की आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी नियम बदलले. आता सांगतात : लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्द जोडा, फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलू नका.

आणि एकट्या पासवर्डावर विसंबू नका. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था दिली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत. तिघांनी मिळून कारभार करायचा. एखादा फितला तरी गड जाऊ नये. ईमेलला आणि बँकेला पासवर्डाबरोबर जी दुसरी पायरी असते, ती हीच. ती त्रास म्हणून बंद करू नका. आणि तो फोनवर आलेला आकडा कुणी गोड बोलून मागितला तर देऊ नका. फितुरी बाहेरून होत नाही, आतूनच करवून घेतली जाते. फसलातच तर लाजेनं गप्प बसू नका, १९३० ला लगेच फोन करा.

ती तेवीस घरं

माझ्या लॅपटॉपचं पुढे काहीच झालं नाही. तो सापडला नाही, कुणाचा फोन आला नाही. बहुधा दोन-तीन हजाराला विकला गेला असेल आणि नव्या मालकानं डिस्क पुसली असेल. बहुधा.

माझी विद्यार्थिनी मात्र या 'बहुधा'वर थांबली नाही. ती पुन्हा त्या तेवीस घरी गेली आणि प्रत्येकीला सांगितलं, की तुमची मुलाखत चोरीला गेली आहे. दोघींनी आपली मुलाखत मागे घेतली. तिनं ती प्रबंधातून काढली. एकीनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बाकीच्यांनी चहा दिला.

मी बरोबर गेलो नाही. "तब्येत बरी नाही" म्हणालो. तब्येत बरी होती. क्षमेवरच्या प्रबंधाचा मार्गदर्शक, आणि क्षमा मागायला मी गेलो नाही. हे आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे. डिस्क सांकेतिक करायला मला आता अर्धा तास लागतो. ते न केल्याचं निस्तरायला तिला चार महिने लागले.

प्रश्नोत्तरांतून

(श्रोत्यांमधल्या एका बाईंनी विचारलं : "सर, सगळं असं कुलूपबंद केलं आणि आपणच गेलो, तर मुलांनी काय करायचं? फोटो, कागदपत्रं, सगळं त्यातच.")

बाई, फार चांगला प्रश्न. माझ्या वयाच्या माणसाला तो रोज पडतो. बिटलॉकर सुरू केलं की ४८ आकडी एक किल्ली मिळते, आणीबाणीची. ती लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. मी ती कागदावर लिहिली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवून वर सही केली आणि मुलीकडे दिलं. तिला म्हटलं, "मी असेपर्यंत उघडू नकोस." ती म्हणाली, "बाबा, आत काय आहे?" मी सांगितलं नाही.

याज्ञवल्क्याचा उपनिधी तो हाच. दोन वर्षं झाली. परवा तिच्या घरी गेलो तेव्हा मुद्दाम पाहिलं. कपाटात, साड्यांखाली, पाकीट तसंच चिकटलेलं आहे.